ॲनिमेशनपट, विनोदी (कौटुंबिक)

रेखाटने, कागदाची कात्रणे, मातीच्या बाहुल्या किंवा संगणकावर घडवलेल्या आकृती यांच्या स्थितीत फ्रेमगणिक थोडाथोडा बदल करून हालचालीचा भास निर्माण करणारा, हसवणे हा मुख्य हेतू असलेला आणि लहानमोठ्यांनी एकत्र बसून पाहावा अशा बेताने रचलेला चित्रपट. मराठीत त्याला सर्वमान्य असा एकच शब्द रुळलेला नाही. लेखनात ‘सचेतनपट’ आढळतो. बोलण्यात मात्र सात मिनिटांचा लघुपट असो की दीड तासाचा चित्रपट, सगळे ‘कार्टून’च. हा शब्द मूळचा जाड कागदाचा. इटालियन ‘कार्तोने’वरून तो भित्तिचित्राच्या कच्च्या आराखड्याला लागला आणि १८४३ मध्ये लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकाने तो उपरोधाने वापरल्यावर व्यंगचित्राचा वाचक झाला. चित्रपटाने तो वृत्तपत्रांकडून घेतला. ते स्वाभाविकही होते, कारण पहिल्या पिढीतले बरेचसे ॲनिमेटर वृत्तपत्रांतले व्यंगचित्रकार होते. येताना शब्दाबरोबर त्यांनी विनोदही आणला.

उगम : पहिला विनोदी ॲनिमेशनपट कोणता, याचे उत्तर ‘ॲनिमेशन’ आणि ‘चित्रपट’ या दोन शब्दांच्या व्याख्येवर अवलंबून आहे. फ्रेंच संशोधक एमील रेनो याने २८ ऑक्टोबर १८९२ रोजी पॅरिसच्या ग्रेव्हँ संग्रहालयात ‘तेआत्र ऑप्तिक’ या यंत्राचे जाहीर प्रयोग सुरू केले. चित्रपटाचे आद्य प्रवर्तक मानल्या जाणाऱ्या ल्यूमिएर बंधूंच्या पॅरिसमधील सुप्रसिद्ध खेळाच्या आधी तीन वर्षे. त्यातील ‘बिचारा प्येरो’ या खेळात सुमारे ५०० हाताने रंगवलेली चित्रे एका लांब पट्टीवर बसवलेली होती. कथा प्रहसनाची आहे. आर्लेकँ भिंत ओलांडून कोलंबिनच्या अंगणात येतो. मागून प्येरो फुलांचा गुच्छ आणि बाटली घेऊन तिची मनधरणी करायला येतो. लपलेला आर्लेकँ त्याला काठीने टोचून, मारून हैराण करतो आणि प्येरोला मारणारा कोण हेच कळत नाही. रेनो पट्टी स्वतः हाताने फिरवी, हशा आला की तोच प्रसंग मागेपुढे करून लांबवी. त्यामुळे ५०० चित्रांचा खेळ बारा-पंधरा मिनिटे चाले. १९०० पर्यंत या खेळांचे सुमारे १२,८०० प्रयोग झाले. मात्र यात कॅमेरा नव्हता, चित्रीकरण नव्हते आणि पट्टीची दुसरी प्रतही निघत नव्हती. एवढ्यावरून अनेक इतिहासकार रेनोला चित्रपटाच्या ‘पूर्वेतिहासात’ ढकलतात. पडद्यावर हलणाऱ्या चित्रांना पैसे देऊन आलेला प्रेक्षक हसला, ही कसोटी मानली तर हे वर्गीकरण काहीसे कडक वाटते. उतारवयात, नैराश्याच्या भरात, रेनोने आपल्या बहुतेक पट्ट्या सेन नदीत फेकल्या, दोनच वाचल्या. त्यांत ‘बिचारा प्येरो’ आहे.

चित्रीकरणाची अट घातली, तर मान सामान्यतः जे. स्ट्यूअर्ट ब्लॅक्टन याच्या १९०६ मधील ‘ह्यूमरस फेझेस ऑफ फनी फेसेस’ या सुमारे तीन मिनिटांच्या अमेरिकन पटाला दिला जातो. फळ्यावर खडूने काढलेला गृहस्थ सिगारचा धूर शेजारच्या बाईच्या तोंडावर सोडतो आणि ती धुरात दिसेनाशी होते. पण यातील काही हालचाली कागदी कात्रणांच्या आहेत, आणि चित्रकाराचा खराखुरा हात मध्येच दिसतो. ब्लॅक्टनचाच १९०० मधील ‘द एन्चांटेड ड्रॉइंग’ कधीकधी पुढे केला जातो. तो मात्र कॅमेरा थांबवून वस्तू बदलण्याच्या हातचलाखीचा पट आहे; त्याला ॲनिमेशन म्हणणे कठीण.

आगपेटीतल्या काड्यांचा वाद स्वतंत्रच आहे. ब्रिटिश निर्माता आर्थर मेलबर्न-कूपर याच्या ‘मॅचेस : ॲन अपील’मध्ये काड्यांची माणसे फळ्यावर सैनिकांसाठी काडेपेट्या पाठवण्याचे आवाहन लिहितात. सैनिक दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धातले धरले तर काळ १८९९, पहिल्या महायुद्धातले धरले तर १९१४. पंधरा वर्षांचा हा फरक लहान नाही. १८९९ हे साल मान्य केल्यास वर सांगितलेला सगळा क्रमच उलटतो. अलीकडचा कल १९१४ कडे आहे आणि तो अधिक सयुक्तिक दिसतो. काडी हे पहिल्या ॲनिमेटरांचे आवडते पात्र होते, एवढे मात्र निश्चित. स्वस्त, सरळ, वाकवली तर मोडणारी आणि डोके आयतेच असलेली.

रेखाटनांनीच सगळे घडते असा पहिला पट म्हणून एमील कोल या फ्रेंच व्यंगचित्रकाराचा ‘फँटस्मागोरी’ (१७ ऑगस्ट १९०८) बहुतेकांना मान्य आहे. सुमारे ७०० रेखाटने कागदावर काळ्या शाईने काढून त्यांची निगेटिव्ह प्रतच दाखवली, त्यामुळे फळ्यावर खडूने काढल्यासारख्या पांढऱ्या रेषा दिसतात. पट दोन मिनिटांचाही नाही. नाटकगृहात बसलेल्या गृहस्थासमोर पिसांची भलीमोठी टोपी घातलेली बाई येऊन बसते. त्याला रंगमंच दिसेना. तो एकेक पीस उपटत जातो. पुढे बाटलीचे फूल होते आणि कशाचे काय होईल याचा नेम राहत नाही. कोल हा पॅरिसमधील ‘इन्कोहेरंट’ या मुद्दाम विसंगत चित्रे काढणाऱ्या मंडळींपैकी होता. या पटातील विनोदाचे मूळ त्या वर्तुळात शोधणारे मत पटण्यासारखे आहे. फुलाचा हत्ती झाला म्हणून येथे हसू येत नाही. तो किती सहज झाला, याचे येते.

पूर्ण लांबीच्या चित्रपटांतही पहिला मान विनोदालाच जातो, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. अर्जेंटिनात किरीनो क्रिस्तियानीने केलेला ‘एल आपोस्तोल’ (९ नोव्हेंबर १९१७) हा राष्ट्राध्यक्ष इरिगोयेन यांच्यावरील उपरोधपट होता. ब्वेनोस आयरेसमधला भ्रष्टाचार निपटण्यासाठी ते ज्युपिटर या रोमन देवाची वज्रे उसनी आणायला स्वर्गात जातात आणि परिणामी शहरच जळते, असे कथानक. पट कात्रणांचा होता; ५८,००० चित्रे आणि सुमारे ७० मिनिटे हे आकडे दिले जातात. एकमेव प्रत १९२६ च्या आगीत गेली, त्यामुळे ते पडताळता येत नाहीत. उपलब्ध असलेला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा पट लोटे रायनिगरचा सावलीपट (१९२६) असून तो विनोदी नाही.

तंत्र आणि विनोदाची वेळ : चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात, म्हणजे दीड तासाला १,२९,६००. एक रेखाटन दोन फ्रेमना वापरण्याचा प्रघात असल्याने प्रत्यक्ष कष्ट बऱ्याचदा निम्म्यावर येतात. त्याहून मोठी बचत केली ती सेलने. पारदर्शक सेल्युलॉइडवर फक्त हलणारे पात्र काढायचे आणि मागचे दृश्य एकदाच रंगवायचे, या पद्धतीचे पेटंट अर्ल हर्डने १९१५ मध्ये मिळवले. पुढे अमेरिकेत लघुपटांचे कारखाने उभे राहिले ते त्याच्या जोरावर.

फ्रेम मोजणे हे येथे हिशेबाचे काम आहे तसेच ते विनोदाचे व्याकरणही आहे. चक जोन्सच्या १९४९ पासूनच्या लघुपटांतला कायोटी हा कोल्ह्याच्या जातीचा शिकारी प्राणी कड्यावरून पडतो तो प्रसंग घ्यावा. तो हवेत धावतच राहतो, थांबतो, खाली पाहतो, मग आपल्याकडे पाहतो. गुरुत्वाकर्षण त्याला लागू होते ते खाली पाहिल्यानंतर. जोन्सने सांगितलेल्या हिशेबानुसार पडणारी आकृती दिसेनाशी व्हायला १८ फ्रेम आणि त्यानंतर तळाशी धूळ उडायला १४ फ्रेम लागतात. ही रिकामी १४ चौकटींची जागा दोन-चारने कमीजास्त झाली तरी हशा हुकतो. नाटकातला नट प्रेक्षकांचा अंदाज घेऊन थांबतो. ॲनिमेटरला तो थांबा महिनोन्‌महिने आधी, कुणी हसत नसताना, कागदावर लिहून ठेवावा लागतो.

१८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झालेल्या डिस्नीच्या ‘स्टीमबोट विली’ला पहिला बोलता ॲनिमेशनपट म्हणण्याची चूक अजूनही होते. फ्लायशर बंधू या अमेरिकन निर्मात्यांचे ध्वनियुक्त गीतपट त्याआधीचे आहेत. डिस्नीची करामत वेगळी होती : हालचाल संगीताच्या ठेक्याला इतकी घट्ट बांधली की आवाजच विनोद करू लागला. त्याच संस्थेच्या ‘स्नो व्हाइट’ (१९३७) या ८३ मिनिटांच्या परीकथेत विनोदाचा भार सात बुटक्यांवर आहे. पसंत पडलेल्या प्रत्येक विनोदी कल्पनेमागे कर्मचाऱ्याला पाच डॉलर मिळत.

‘कौटुंबिक’ हे विशेषण : हे विशेषण मागाहून चिकटले. १९३० ते १९५० च्या दशकांतले अमेरिकन लघुपट मुख्य चित्रपटापूर्वी सर्वच प्रेक्षकांना दाखवत. त्यांतले कितीतरी विनोद मोठ्यांसाठी होते. दूरचित्रवाणीने हे लघुपट शनिवार सकाळच्या मुलांच्या वेळेत नेऊन बसवले, आणि तेव्हापासून ॲनिमेशन म्हणजे पोरखेळ ही समजूत घट्ट झाली. १९७२ मध्ये अमेरिकेत एका ॲनिमेशनपटाला केवळ प्रौढांसाठीचे ‘एक्स’ प्रमाणपत्र मिळाले, त्याचा गवगवा झाला तो या समजुतीमुळेच.

आजच्या कौटुंबिक विनोदी पटाची घडण दुपदरी असते. आपटाआपटी, पाठलाग, फजिती मुलांसाठी. विडंबन, शाब्दिक कोट्या आणि जुन्या चित्रपटांचे दाखले तिकीट काढून आणणाऱ्यांसाठी. ‘अलादिन’मध्ये (१९९२) जिनीचा आवाज देणाऱ्या रॉबिन विल्यम्सला मोकळे सोडले आणि त्याच्या उत्स्फूर्त नकलांवरून रेखाटने बेतली. नामांकित नटांचे आवाज ही तेव्हापासून जाहिरातीची बाब झाली. ८१ मिनिटांचा ‘टॉय स्टोरी’ (२२ नोव्हेंबर १९९५) हा पूर्णतः संगणकनिर्मित असा पहिला पूर्ण लांबीचा पट. पहिल्या पटासाठी पात्रे म्हणून खेळणी निवडण्यात व्यावहारिक शहाणपणही होते, कारण त्या काळच्या संगणकाला केस आणि कातडीपेक्षा प्लॅस्टिक चांगले जमे. परीकथांचीच टर उडवणाऱ्या ‘श्रेक’ला (२००१) पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटाचे पहिले ऑस्कर मिळाले. दोन पदर दर वेळी जुळतात असे नाही; अनेक पटांत मोठ्यांसाठीची कोटी वरून ठिगळ लावल्यासारखी दिसते. याला सन्मान्य अपवाद ब्रिटनच्या आर्डमन संस्थेचे मातीच्या बाहुल्यांचे पट. ‘शॉन द शीप’वरील चित्रपटात (२०१५) समजेल असा एकही संवाद नाही, त्यामुळे आजीला आणि नातवाला एकाच जागी हसू येते. सोव्हिएत रशियातील लांडगा-सशाची मालिका (१९६९ पासून) आणि युगोस्लाव्हियातील झाग्रेब संप्रदाय हे लघुपटांच्या क्षेत्रातले. जपानमध्ये चार चौकटींच्या वृत्तपत्रीय पट्टीवरून एका सामान्य घराची गोष्ट सांगणारा ‘माय नेबर्स द यामादाज’ (१९९९) उल्लेखनीय.

भारत व महाराष्ट्र : दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेऊन टिपली, ती भांडवलदाराची खात्री पटवण्यासाठी. पुढे ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट त्यांनी केला. साल साधारणतः १९१५ धरतात. पट आज उपलब्ध नसल्याने काड्या कोणती मौज करीत हे सांगता येत नाही. नावावरून तो विनोदी होता असे मानण्यास हरकत नसावी. प्रदर्शित झालेला पहिला भारतीय ॲनिमेशनपट म्हणून कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या ‘द पी ब्रदर्स’चे (१९३४) नाव घेतात. प्रभात फिल्म कंपनीचा ‘जंबू काका’ जवळपास त्याच सुमाराचा. ‘जंबुक’ म्हणजे कोल्हा, हे ध्यानात घेतले की शीर्षकातली गंमत कळते.

१९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग डिस्नीत काम केलेल्या क्लेअर वीक्स यांच्या मार्गदर्शनाखाली उभा राहिला. जी. के. गोखले आणि राम मोहन त्याच विभागातले. पण सरकारी विभागाचा भर शिकवण्यावर. हसवणे तोंडी लावण्यापुरते. चित्रपटगृहात यश मिळाले ते व्ही. जी. सामंत यांच्या ‘हनुमान’ला (२००५), आणि लगोलग बालगणेश, बालकृष्ण यांची रांग लागली. यांतला विनोद देवाच्या बाळलीलांचा, म्हणजे घरात आधीपासून ओळखीचा. पुराणाबाहेरचा प्रयत्न म्हणून मुंबईच्या भटक्या कुत्र्यांवरचा ‘रोडसाइड रोमिओ’ (२००८) आणि निखिल अडवाणी यांचा ‘दिल्ली सफारी’ (२०१२) हे दोन्ही राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त पट सांगता येतात. ‘दिल्ली सफारी’तले प्राणी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून जंगलतोडीची तक्रार घेऊन संसदेकडे निघतात. पोपटाची भाषणबाजी हा त्यातला सर्वांत चांगला भाग.

परदेशी पट येथे बहुधा हिंदी डबिंगमधून घरी पोचतात. मूळ पटात आवाज आधी आणि ओठांची हालचाल नंतर होते. डबिंगमध्ये क्रम उलटा. पात्राचे ओठ मिटतात तेथे प, ब किंवा म आणावा लागतो आणि कोटी त्या अक्षरांत बसेलच असे नाही. म्हणून कुशल लेखक कोटी सोडून देतो आणि त्याच जागी वेगळीच, स्थानिक कोटी करतो. ‘द इन्क्रेडिबल्स’चे ‘हम हैं लाजवाब’ (२००४) झाले तेव्हा नायकाला शाहरुख खान यांचा आवाज होता. मराठीत पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट म्हणून ‘प्रभो शिवाजी राजा’चा (२०१८) उल्लेख होतो, तो चरित्रपर आहे. विनोदी म्हणून त्याच्या शेजारी ठेवावे असे नाव मराठीत सहज आढळत नाही, जरी मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंत हिंदी आणि इंग्रजी पटांसाठी राबणाऱ्या हातांत मराठी हात पुष्कळ आहेत.