टॉवेल कडक का होतो, आणि सॉफ्टनर नेमकं काय करतं

गेल्या जुलैत घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरात चार दिवस उन्हाचं तोंड दिसलं नव्हतं. आई आंघोळ करून आली आणि टॉवेल माझ्या हातात देत म्हणाली, "हा अंग पुसत नाही गं, नुसतं पाणी इकडचं तिकडे करतो." टॉवेल जाडजूड, हाताला लोण्यासारखा. मी चमच्याने त्यावर पाण्याचा एक थेंब सोडला. अळवाच्या पानावर बसावा तसा तो गोल बसून राहिला. शेजारी बाबांचा जुना पंचा वाळत होता. त्यावर सोडलेला थेंब टेकताक्षणी पसरून नाहीसा झाला. फरक एवढाच, की टॉवेलला दर धुण्यात सॉफ्टनर मिळत होतं आणि पंच्याला कधीच नाही.

सॉफ्टनरमधल्या मुख्य रेणूला एका टोकाला धन विद्युतभार असलेला नायट्रोजन असतो आणि त्याला चरबीतल्यासारख्या लांब कार्बनच्या साखळ्या जोडलेल्या असतात, बहुधा दोन. पाण्यात भिजलेल्या सुती धाग्यावर थोडासा ऋण भार असतो. त्यामुळे रेणूचं धन टोक धाग्याला चिकटतं आणि तेलकट शेपट्या बाहेर राहतात. धागे एकमेकांवरून सहज घसरू लागतात, आणि ते घसरणंच बोटांना मऊ लागतं. केसांच्या कंडिशनरचं कामही याच तत्त्वावर चालतं. म्हणजे सॉफ्टनर कपडा स्वच्छ करत नाही, धुतलेल्या कपड्यावर एक पातळ थर चढवतं. टॉवेलवर हा थर साचत गेला की पाणी आत शिरत नाही. घाम शोषून घेणाऱ्या खेळाच्या कपड्यांचं आणि मायक्रोफायबरच्या फडक्यांचंही तेच होतं.

सॉफ्टनर शेवटच्या पाण्यातच का घालायचं, हे एका वाटीत पाहता येतं. वाटीभर पाण्यात थोडं लिक्विड डिटर्जंट ढवळा आणि त्यात पाण्यात कालवलेलं सॉफ्टनर ओता. पाणी गढूळ, पांढुरकं होतं. डिटर्जंटमधल्या मळ काढणाऱ्या मुख्य रेणूंवर ऋण भार असतो. ते सॉफ्टनरच्या धन रेणूंना जाऊन मिठी मारतात आणि दोघंही कामातून जातात. सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये पावडरीबरोबरच सॉफ्टनर ओतायची सवय अनेक घरांत आहे. त्यात दोन्हीचे पैसे पाण्यात जातात.

मग सॉफ्टनर न घालता वाळवलेला टॉवेल पापडासारखा कडक का होतो? बहुतेक जण पाण्याला दोष देतात, आणि त्यात तथ्य आहे. टँकरचं पाणी बोअरचं असेल तर त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असू शकतात, आणि ते साबणाच्या अंशासह धाग्यांत अडकतात. पण स्वच्छ, क्षारविरहित पाण्यात धुतलेला सुती कपडाही वाळल्यावर ताठ होतोच. जपानमधल्या काओ कंपनीच्या आणि होक्काइडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये याचं उत्तर मांडलं. टॉवेल आपल्याला कोरडा वाटतो तेव्हाही धाग्यांच्या पृष्ठभागावर थोडं पाणी घट्ट धरलेलं असतं. साध्या पाण्यापेक्षा त्याची वागणूक वेगळी असते. ते शेजारच्या धाग्यांना एकमेकांशी जोडून धरतं, अगदी गोंदासारखं. मला हे फार सुंदर वाटतं. टॉवेल कडक करणारी खळ बाहेरून आलेली नसते, पाणीच ती खळ असते.

म्हणूनच उपायही साधा आहे. हे जोड हाताने मोडता येतात. दोरीवर टाकण्याआधी टॉवेल जोरात झटकायचा आणि वाळल्यावर दोन्ही हातांत धरून चोळायचा. परदेशातल्या गरम हवेच्या ड्रायरमध्ये टॉवेल मऊ निघतो, त्यात मोठा वाटा या सततच्या उलथापालथीचा आहे.

ड्रायर म्हटलं की आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिकची पिळणारी टाकी डोळ्यांसमोर येते. तिकडून येणारे नातेवाईक कधीकधी ड्रायर शीटचा डबा आणतात, ती शीट या टाकीत टाकून काही होत नाही. ती न विणलेल्या पॉलिस्टरची असते आणि तिच्यावर मेणासारखं सॉफ्टनर थापलेलं असतं. गरम ड्रायरमध्ये ते वितळून कपड्यांना लागतं. तिचं मोठं काम म्हणजे स्थिर वीज कमी करणं. कोरड्या गरम हवेत सिंथेटिक कपडे घासले की ते चिकटतात, चटचटतात. ठाण्याच्या दमट हवेत बाहेर वाळवलेल्या कपड्यांना ही अडचण क्वचितच येते.

आपली खरी अडचण कुबट वासाची. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं, की या वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस हा जिवाणू आणि तो तयार करत असलेलं एक आम्ल असतं. कपडा जितका वेळ ओला, तितकी त्याला सवड. सॉफ्टनरचा सुगंध हा वास झाकतो, जिवाणू तिथेच राहतो. शिवाय काही सॉफ्टनरमधला सुगंध सूक्ष्म कुप्यांत भरलेला असतो. कपडा घासला की त्या फुटतात, म्हणून वास आठवडाभर टिकतो. यांतल्या बऱ्याच कुप्या प्लास्टिकच्या असतात. युरोपीय संघाने २०२३ च्या नियमांत अशा कुप्यांवर बंदी घालून उत्पादकांना २०२९ पर्यंत मुदत दिली आहे. पावसाळ्यात माझा भर जास्त स्पिनवर, दोन कपड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवण्यावर आणि रात्रभर पंख्यावर असतो.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. लहान मुलांच्या झोपायच्या कपड्यांवर आणि लव असलेल्या फ्लॅनेलवर सॉफ्टनर वापरू नका. तो तेलकट थर कपड्याला लवकर पेट घेऊ देतो, आणि आग रोखणारी प्रक्रिया केलेल्या कापडाचा तो गुणही कमी होतो.

आमचा टॉवेल मी दोनदा गरम पाण्यात धुतला. पावडर नेहमीपेक्षा कमी, सॉफ्टनर अजिबात नाही, आणि एक जास्तीचं खळबळणं. मशीनचा सॉफ्टनरचा कप्पाही काढून घासला, त्याच्या तळाशी बोटाला लागेल असा काळपट चिकट थर बसला होता. दुसऱ्या धुण्यानंतर टॉवेल किंचित खरखरीत लागला. आईने स्वतःच चमचा आणला आणि थेंब सोडला. तो जेमतेम क्षणभर टिकला आणि धाग्यांत उतरून गेला.