उष्ण झऱ्यांवरची कोळंबी: नावं कशी पडली आणि कशी बदलली

बाजारात जवळ्याचा वाटा घेताना ‘ही कोळंबीची पिल्लंच ना?’ असं विचारणारे हमखास भेटतात. तसं नसतं. जवळा ही वेगळीच जात आहे, पूर्ण वाढला तरी तो तेवढाच राहतो. खोल समुद्रातल्या उष्ण झऱ्यांवर राहणाऱ्या कोळंबीबाबत शास्त्रज्ञांची याच्या बरोबर उलट फसगत झाली. त्यांनी पिल्लांनाच स्वतंत्र जात ठरवून बारशी उरकली.

हे झरे १९७७ साली गॅलापागोसजवळ ‘अल्विन’ या पाणबुडीतून पहिल्यांदा दिसले. सगळ्यांच्या नजरा होत्या लांबलचक नळीकृमींवर. कोळंबी तिथे अशीच तुरळक. तिला १९८२ मध्ये विल्यम्स आणि चेस यांनी पाणबुडीवरून ‘अल्विनोकॅरिस लुस्का’ असं नाव दिलं आणि ‘ब्रेसिलिइडी’ कुळात टाकलं. हे कूळ म्हणजे तेव्हा अडगळीची खोलीच होती, कुठे न बसणारी कोळंबी तिकडे जायची. १९८६ मध्ये क्रिस्टोफरसन यांनी ‘अल्विनोकॅरिडिडी’ हे वेगळं कूळ सुचवलं, तरी पुढची दहा-बारा वर्षं बरेच अभ्यासक जुनंच नाव लिहीत राहिले.

खरी खळबळ अटलांटिकने उडवली. १९८५ मध्ये पीटर रोना यांच्या चमूला मध्य-अटलांटिक पर्वतरांगेवर, साधारण ३,६०० मीटर खोलीवर, ‘टॅग’ नावाचं क्षेत्र सापडलं. तिथे नळीकृमी नव्हतेच. काळा धूर ओकणाऱ्या धुराड्यांच्या भिंतींवर कोळंबीचे थवे नुसते वळवळत होते. अशा ठिकाणी एका चौरस मीटरमध्ये दोन-अडीच हजारांपर्यंत कोळंब्या मोजल्या गेल्या आहेत. पुढच्याच वर्षी विल्यम्स आणि रोना यांनी तिचं नाव ठेवलं ‘रिमिकॅरिस एक्सॉक्युलाटा’. रिमा म्हणजे भेग, आणि एक्सॉक्युलाटा म्हणजे डोळे काढून घेतलेली. नेहमीच्या जागी, देठांवर, डोळे नव्हतेच ना!

तीन वर्षांत हे नाव खोटं पडलं. चित्रफितींत या कोळंबीच्या पाठीवर दोन चकचकीत पट्टे दिसतात, हे जीवशास्त्रज्ञ सिंडी ली व्हॅन डोव्हर यांना खटकलं. पारदर्शक कवचाखालच्या त्या पट्ट्यांत प्रकाश टिपणारं ऱ्होडॉप्सिन निघालं. भिंग नाही, प्रतिमा उमटत नाही, पण मंद उजेड टिपायला पडदा भलामोठा. १९८९ मध्ये हा पाठीवरचा डोळा जाहीर झाला. साडेतीनशे अंशांच्या पाण्यालाही अंधुक चमक असते, हे १९८८ मध्ये पॅसिफिकमध्ये पाणबुडीचे दिवे मालवून टिपलं गेलं होतं. मात्र आपल्या पाणबुड्यांच्या झगझगीत दिव्यांनी हेच डोळे निकामी होत असावेत, अशी शंका १९९९ मध्ये पुढे आली. नामकरणाच्या नियमाप्रमाणे नाव मात्र तेच राहिलं.

पिल्लांचा घोटाळाही या डोळ्यातूनच झाला. लहान वयात डोळे चारचौघींसारखे, पुढेच असतात. वाढताना ते मागे सरकतात आणि कवचाचा आकारही बदलतो. त्यामुळे थव्यांच्या कडेला दिसणारी नारिंगी, चिमुकली कोळंबी वेगळीच वाटली. १९९६ मध्ये ती ‘इओरानिया कॉनकॉर्डिया’ झाली, १९९७ मध्ये ‘रिमिकॅरिस ऑरँशियाका’. त्याच सुमारास शँक, लुट्झ आणि व्ह्रायनहुक यांनी जनुकं तपासली आणि ही एक्सॉक्युलाटाचीच पिल्लं असल्याचं सांगितलं.

दरम्यान नकाशा पसरत होता. मारियानाजवळच्या जातीसाठी १९९० मध्ये ‘कोरोकॅरिस’ ही नवी प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) आली. हवाईच्या लोइही ज्वालामुखीवरची १९९५ मध्ये ‘ओपाएपेले’ झाली: ओपाए म्हणजे कोळंबी, पेले म्हणजे तिथली ज्वालामुखीची देवी. मला हे यातलं सर्वात देखणं नाव वाटतं. हिंद महासागरात २००० साली जपानी चमूने ‘कैरेई’ क्षेत्र शोधलं आणि २००२ मध्ये तिथली, एक्सॉक्युलाटाची जुळी बहीण शोभावी अशी, ‘रिमिकॅरिस कैरेई’ नोंदली गेली. (याच महासागरातल्या पर्वतरांगांवर गोव्याची ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था सल्फाइड खनिजांचा शोध घेते आहे.) २०१२ मध्ये केमन खंदकातली, जवळपास पाच किलोमीटर खोलीवरचीही एक जात यादीत आली. जनुकांत ती अटलांटिकच्या झऱ्यांवरच्या ‘चेसाय’ या दुसऱ्या जातीला इतकी जवळची निघाली, की दोन्ही वेगळ्या का मानायच्या, हा प्रश्न लगेच उभा राहिला.

प्रजाती वाढत गेल्या तशा त्यांच्यामधल्या भिंती पातळ झाल्या. २०१५ मध्ये व्हेरेश्चाका आणि सहकाऱ्यांनी कोरोकॅरिस आणि ओपाएपेले दोन्ही रिमिकॅरिसमध्ये विलीन केल्या. देवीचं नाव असं गेलं. आणि २०२० मध्ये पिल्लांची फाईल पुन्हा उघडली: एक्सॉक्युलाटाची म्हणून गणलेली सर्वात लहान पिल्लं प्रत्यक्षात शेजारणीची, चेसायची निघाली.