पडद्यावरचे चार सेकंद, शरीरातले दोन वेग

चित्रपटात डोळ्यांना न दिसणारी चित्रं पेरलेली असतात, ती थेट ‘अंतर्मनात’ उतरतात आणि म्हणून आपण ठरावीक जागी रडतो, असा एक मजकूर अधूनमधून मोबाइलवर फिरत येतो. ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे’ हे शेपूट त्याला असतंच. या गोष्टीचा उगम १९५७ सालचा. जेम्स व्हिकरी नावाच्या अमेरिकी बाजार-संशोधकाने जाहीर केलं, की न्यू जर्सीतल्या फोर्ट ली इथल्या चित्रपटगृहात आपण ‘पॉपकॉर्न खा’, ‘कोका-कोला प्या’ असे संदेश सेकंदाच्या तीन हजाराव्या भागापुरते पडद्यावर झळकवले आणि पॉपकॉर्नचा खप ५७.५ टक्क्यांनी, तर कोका-कोलाचा १८.१ टक्क्यांनी वाढला. आकड्यात दशांश चिन्ह आलं की माणसं लगेच विश्वास ठेवतात. पुढे १९६२ साली व्हिकरीनेच कबूल केलं, की हाती असलेली माहिती काही सिद्ध करण्याइतकी नव्हतीच. ही कबुली फारशी कुणापर्यंत पोचली नाही. अफवा मात्र अजून टुणटुणीत आहे.

खरं तर छुप्या चित्रांची गरजच नाही. उघड दिसणारे चार-पाच सेकंद पुरेसे होतात. दार उघडतं आणि समोर उभा असलेला माणूस काहीच बोलत नाही. कुणीतरी न वाचलेलं पत्र घडी करून खिशात ठेवतं. कथानकाचे धागेदोरे वर्षभरात विसरले जातात, हे सेकंद राहतात. का, असं विचारलं तर बहुतेक जण सांगतात, ‘प्रसंगच फार दुःखद होता.’ हे उत्तर फार तर अर्धं खरं आहे. नीट आठवून पाहा. संकट कोसळत असताना आपण खुर्चीचा हात घट्ट धरून बसलेले असतो आणि डोळे कोरडे असतात. हरवलेलं मूल सापडतं, अबोला धरलेला बाप मुलाच्या खांद्यावर हात ठेवतो, तेव्हा पाणी येतं. म्हणजे सगळं सुरळीत झाल्यावर!

या कोड्याला १९७९ साली जे एफ्रॅन आणि टिमथी स्पँगलर या मानसशास्त्रज्ञांनी हात घातला. प्रौढ माणसं का रडतात, या प्रश्नासाठी त्यांनी ‘द मिरॅकल वर्कर’ हा १९६२ सालचा चित्रपट वापरला. दृष्टी आणि श्रवण दोन्ही गमावलेली लहानगी हेलन केलर आणि तिची शिक्षिका ॲनी सलिव्हन यांची ही गोष्ट. चित्रपटात जेवणाच्या टेबलाभोवतीचा एक झटापटीचा प्रसंग आहे, सुमारे नऊ मिनिटांचा आणि जवळजवळ शब्दांविना. हेलन ताटातलं हाताने ओरबाडते, ॲनी तिला चमच्याने खायला लावते, भांडी फुटतात, खुर्च्या उलटतात. बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो, पण रडू येत नाही. शेवटाकडे पाण्याच्या पंपापाशी हेलनच्या एका हातावर पाणी पडत असतं, दुसऱ्या हातावर ॲनी बोटांनी अक्षरं उमटवत असते, आणि हा स्पर्श म्हणजे त्या वस्तूचं नाव आहे हे मुलीला उमगतं. तिथे प्रेक्षकांचा बांध फुटतो. प्रत्यक्षात हा प्रसंग ५ एप्रिल १८८७ रोजी घडला होता.

एफ्रॅन आणि स्पँगलर यांचं म्हणणं असं, की रडण्याला दोन टप्पे लागतात. आधी शरीर ताणलं जायला हवं आणि मग तो ताण अचानक अनावश्यक ठरायला हवा. अश्रू येतात ते उतारावर. मला हा सिद्धांत आवडतो, कारण त्याच्या मागे शरीरक्रियेचं एक सुंदर यंत्र उभं करता येतं. आता थोडं त्या यंत्रात शिरू. वाट जरा आडवळणाची आहे.

आपल्या इच्छेविना चालणारी कामं स्वायत्त चेतासंस्था पाहते, हे शाळेत झालेलं असतं. तिच्या दोन शाखा. अनुकंपी शाखा शरीराला धावण्या-लढण्यासाठी सज्ज करते, परानुकंपी शाखा त्याला पचनाकडे, विश्रांतीकडे नेते. पाठ्यपुस्तकात त्यांचं वर्णन एकमेकींच्या विरुद्ध अशा जोडीचं असतं आणि विषय तिथेच संपतो. त्या दोघींच्या वेगांत किती फरक आहे, हे सहसा सांगितलं जात नाही.

हृदयापासून सुरुवात करू. हृदयाचा स्वतःचा ठोके देणारा ऊतीचा पुंजका आहे. त्याला मोकळं सोडलं तर तो मिनिटाला सुमारे १०० ठोके देईल. चेतातंतू तुटलेलं प्रत्यारोपित हृदय स्वस्थ बसलेल्या माणसातही साधारण याच गतीने चालतं. मग आपली नाडी सत्तरच्या आसपास का? कारण परानुकंपी शाखेची व्हेगस ही चेता हृदयावर अखंड ब्रेक लावून बसलेली असते. नाडीवर बोट ठेवून सावकाश श्वास घ्या. श्वास आत जाताना ठोके किंचित जलद होतात, बाहेर सोडताना मंदावतात. व्हेगसचा ब्रेक प्रत्येक श्वासागणिक ढिला होतो आणि पुन्हा लागतो, त्याचाच हा पुरावा.

हा ब्रेक इतका चपळ कसा? व्हेगसच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे रसायन बाहेर पडतं. हृदयाच्या पेशीवरच्या ग्राहीला, म्हणजे असे रासायनिक निरोप टिपणाऱ्या प्रथिनाला, ते चिकटलं की शेजारचं जी-प्रथिन थेट पोटॅशियमचे मार्ग उघडतं आणि ठोके मंदावतात. मध्ये कुणी दलाल नाही. शिवाय ॲसिटिलकोलीनचे तुकडे करणारं विकर तिथेच टपलेलं असतं, त्यामुळे संदेश थांबला की परिणामही लगेच ओसरतो. सगळा कारभार एका-दोन ठोक्यांत उरकतो. अनुकंपी शाखेचं नॉरॲड्रेनॅलीन मात्र लांबच्या रस्त्याने जातं. त्याची ग्राही एका विकराला जागं करते, ते विकर पेशीत चक्रीय एएमपी नावाचा दुय्यम निरोप्या तयार करतं, तो निरोप्या दुसऱ्या एका विकराला कामाला लावतो आणि ते कॅल्शियमच्या मार्गांवर फॉस्फेट चिकटवतं. तेव्हा कुठे गती वाढू लागते. पूर्ण परिणामाला वीस-तीस सेकंद लागतात आणि ओसरायलाही वेळ लागतो. अधिवृक्क ग्रंथींमधून रक्तात ॲड्रेनॅलीन उतरलं असेल, तर त्यातलं निम्मं संपायलाच दोन-तीन मिनिटं जातात.

आता हे पडद्यावरच्या क्षणाला लावून बघू. अर्धा तास आपली अनुकंपी शाखा तापलेली आहे. तळहात ओलसर, श्वास वरवरचा. अचानक कथा सांगते की धोका टळला. व्हेगस क्षणात परतते, पण अनुकंपी शाखेचा निचरा अजून व्हायचा असतो. काही सेकंद दोन्ही शाखा एकाच वेळी चालू राहतात. अंगावरचे केस उभे करणाऱ्या चिमुकल्या स्नायूंना फक्त अनुकंपी तंतू जातात. अश्रुग्रंथीला पाझरायला लावणारे तंतू मुख्यतः परानुकंपी. ते मेंदूच्या बुडाशी असलेल्या ‘सेतू’ नावाच्या भागातल्या केंद्रकातून निघतात, सातव्या मस्तिष्क चेतेच्या सोबतीने कवटीतून वळसे घेत नाकामागच्या एका चेतागुच्छात टप्पा घेतात आणि मग डोळ्यापर्यंत पोचतात. (हा प्रवास शरीररचनेच्या परीक्षेत विद्यार्थ्यांना रडवतो, तोही याच मार्गाने.) काटा आणि अश्रू एकदम येणं हे पाठ्यपुस्तकातल्या जोडीच्या हिशेबात बसत नाही. वेगांतला फरक धरला की बसतं. तो क्षण इतका छोटा का असतो, याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर हेच: दोन शाखांची ही गाठभेटच थोड्या वेळाची असते.

प्रयोगांतून काय दिसतं? फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ साली हेलावून टाकणारे चित्रपट-तुकडे दाखवताना प्रेक्षकांचे रोमांच आणि अश्रू एकत्र नोंदले. दोन्ही जिथे एकावर एक आले, तिथे शारीरिक उत्तेजना शिखरावर होती. त्याआधी, २००३ साली, जोनाथन रॉटेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी रडवणारा चित्रपट पाहणाऱ्या स्त्रियांच्या हृदयगतीतला तो श्वासागणिक होणारा चढउतार मोजला. रडू ओसरताना व्हेगसचा प्रभाव वाढत गेला. नैराश्यग्रस्त स्त्रियांमध्ये मात्र ही वाढ दिसली नाही. ‘मनसोक्त रडून घे, बरं वाटेल’ हा सल्ला सगळ्यांना सारखा लागू पडत नाही, हे यातून ध्यानात घ्यावं.

आक्षेपही आहे आणि तो दमदार आहे. १९९५ साली जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी प्रयोगशाळेत भावना जागवण्यासाठी तुकड्यांचा एक संच निवडला. त्यासाठी अडीचशेहून जास्त चित्रपट चाळले गेले. दुःखासाठी सर्वांत प्रभावी तुकड्यांत ‘द चॅम्प’ या १९७९ सालच्या चित्रपटातला एक तुकडा निघाला: मुष्टियोद्धा बाप मरतो आणि लहान मुलगा त्याला उठवू पाहतो. लांबी तीन मिनिटांहूनही कमी. आधीचा तास-दीड तास बघितलेला नाही, सुटकाही कुठे नाही, तरी माणसं दुःखी होतात. मग सिद्धांताचं काय? माझ्या मते दुःखी होणं आणि हेलावून जाणं या दोन वेगळ्या अवस्था आहेत. एकीत माणूस जड होतो, दुसरीत आतून काहीतरी मोकळं होतं. एफ्रॅन-स्पँगलर दुसरीचं वर्णन करतात. प्रत्येक अश्रू त्यांच्या चौकटीत कोंबायला जाऊ नये.

या क्षणी चेहरा बहुधा जवळून दाखवतात आणि नटाने त्यावर फार काही केलेलं नसतं. १९१८ नंतरच्या काळात रशियात लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने नट इव्हान मोझुखिनचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याला, कधी शवपेटीला जोडून दाखवला आणि प्रेक्षकांना त्यात भूक आणि शोक दिसला, अशी कथा चित्रपट-शिक्षणात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मूळ फीत उरलेली नाही. १९९२ साली हा प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा परिणाम मिळाला नाही. पुढच्या काही प्रयोगांत तो मिळाला, पण कथेइतका ठसठशीत नाही. इथे कुणी हमखास ‘मिरर न्यूरॉन’ पुढे करतं, म्हणजे स्वतः एखादी कृती करताना आणि दुसऱ्याला ती करताना पाहतानाही जाग्या होणाऱ्या मेंदूपेशी. इटलीतल्या पार्मा इथे माकडांच्या मेंदूत सापडलेल्या त्या पेशी खऱ्या आहेत, पण माणसाच्या सहानुभूतीचा सगळा भार त्यांच्या डोक्यावर टाकणं हा उत्साहाचा अतिरेक झाला.

राहतो एक प्रश्न. पाचव्यांदा बघताना पुढे काय होणार हे पाठ असतं, तरी डोळे का भरतात? ताण अनिश्चिततेतून येत असेल, तर तो एव्हाना विरायला हवा होता. संगीतावरच्या एका अभ्यासातून धागा मिळतो. २०११ साली मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी लोकांना त्यांचीच आवडती, अंगावर शहारा आणणारी सुरावट ऐकवली. मेंदूत डोपामिन हे सुखाच्या अनुभवाशी जोडलेलं रसायन दोनदा आणि दोन वेगळ्या जागी स्रवलं: एकदा शिखराची चाहूल लागताच, पुच्छाकार केंद्रकात, आणि दुसऱ्यांदा प्रत्यक्ष शिखरावर, ॲक्युम्बेन्स केंद्रकात. चाहूल लागायला ओळख हवी. चित्रपटातही हेच घडत असावं. माहीत असलेल्या प्रसंगात ताण ‘काय होईल’ याचा नसतो, ‘आता येईल’ याचा असतो, आणि शरीराला तेवढं पुरतं. फरक इतकाच, की पहिल्या खेपेला पंपाचं पाणी हातावर पडल्यावर गळा दाटतो, आणि पाचव्या खेपेला ॲनी हेलनला ओढत अंगणात नेते तिथेच.