लांगचा लांडगा आणि जिनचं सोनं

चिनी पियानोवादक लांग लांग मांचू, म्हणजे ईशान्य चीनमधल्या त्या समाजाचा आहे, त्याचं आडनावच सांगतं ना, असं कुणी म्हणालं की मी जरा थांबतो. मांचू भाषेत लांडग्याला 'न्योहे' म्हणतात आणि 'न्योहुरू' या कुळनावाचा संबंध त्याच्याशी लावतात. चिनी भाषेत लांडगा म्हणजे 'लांग'. न्योहुरूंनी आडनाव घेताना लांडग्याचं अक्षर सोडून त्याच उच्चाराचं दुसरं निवडलं. (आपल्याकडे लांडगे बिनदिक्कत लांडगेच राहिले!) पंचाईत अशी, की ते दुसरं अक्षर हान, म्हणजे चीनमधल्या बहुसंख्य लोकांत आधीपासून आडनाव होतंच.

छिंग या चीनच्या शेवटच्या, मांचू राजघराण्याचं तेच. त्याच्या 'आइसिन ग्योरो' या कुळनावातलं आइसिन म्हणजे सोनं, चिनीत 'जिन'. ते राज्य उलथवणाऱ्या 1911च्या क्रांतीनंतर मांचूंवर रोष होता, तेव्हा त्या घराण्यातल्या अनेकांनी जिन लावलं. पण जिन हे जुनं हान आडनावही आहे, आणि कोरियातले 'किम' तेच अक्षर लिहितात. सरकारी नोंदही फारशी कामाची नाही. जनगणनेत मांचू 1982 साली 43 लाख होते, 1990 साली 98 लाख. आठ वर्षांत इतकी बाळं जन्मत नाहीत. लोकांनी नोंद बदलून घेतली.

मग वाय गुणसूत्राकडे वळावं लागतं. ते बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं. त्यावर काही ठिकाणी डीएनएच्या चार अक्षरांचा एखादा तुकडा, समजा 'गाटा', ओळीनं 10-12 वेळा येतो. नक्कल होताना क्वचित मोजणी चुकते आणि 11चे 12 होतात. एका ठिकाणी अशी चूक काहीशे पिढ्यांतून एकदा. म्हणून अशी 17 ठिकाणं ताडली आणि दोन पुरुषांत एकदोन पायऱ्यांचाच फरक निघाला, तर त्यांचा समान पूर्वज फार लांबचा नाही. फरक वाढत गेला, तर पूर्वजही तितका मागे. मात्र दहा पिढ्यांमागच्या 1024 पूर्वजांपैकी हे गुणसूत्र एकाचीच गोष्ट सांगतं. थुंकीच्या नमुन्यावरून 'तुम्ही राजवंशी' असं प्रमाणपत्र विकणारे हे सांगत नाहीत.

2015 साली आइसिन ग्योरो म्हणवणाऱ्या सात पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासल्याचा शोधनिबंध आला. पूर्ण वंशावळ तिघांकडे होती. एकमेकांशी अगदी जवळून जुळले तेही तिघेच. त्यांतल्या दोघांकडे वंशावळ होती, दोघांचा समान पूर्वज नुरहाची, छिंग सत्तेचा पाया घालणारा. जुळलेल्या तिसऱ्याकडे पूर्ण वंशावळ नव्हती. आणि वंशावळ असलेल्या तिघांपैकी उरलेला एक जुळलाच नाही.