बुशिदो

जपानमधील सामुराई या योद्धावर्गाची आचारसंहिता व तिच्याशी निगडित शस्त्रशिक्षणाची परंपरा. स्वामिनिष्ठा, शौर्य, संयम व लौकिकाची चाड ही तिची प्रमुख मूल्ये होत.

तिच्या प्राचीनतेविषयी मतभेद आहेत. मध्ययुगीन साहित्यातील योद्ध्यांच्या ‘धनुष्य व अश्व’ या मार्गाच्या उल्लेखांवरून काहींनी तिचा उगम बाराव्या शतकापर्यंत मागे नेला आहे. ‘बुशिदो’ ही संज्ञा मात्र ठळकपणे येते ती ताकेदा या सरदार घराण्याच्या ‘कोयो गुन्कान’ या युद्धवृत्तांतात. हा ग्रंथ सरदार कोसाका मासानोबू (मृ. १५७८) याच्या नावावर असला, तरी उपलब्ध संहिता ओबाता कागेनोरी याने सतराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केली असावी. तीत भाषेचा जुना थर दिसत असल्याने ती सर्वस्वी उत्तरकालीन मानणे कठीण आहे. बुशिदोच्या आचारसंहितेला सुसूत्र रूप आले ते तोकुगावा राजवटीतील (१६०३–१८६८) दीर्घ शांततेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. युद्धे थांबल्यावर योद्ध्याने करायचे काय, या प्रश्नाला यामागा सोको (१६२२–८५) या विचारवंताने दिलेले उत्तर असे, की स्वतःच्या आचरणाने त्याने इतरांपुढे कर्तव्याचा आदर्श ठेवावा. आजचे परिचित रूप बव्हंशी नितोबे इनाझो या जपानी लेखकाच्या इंग्रजी ग्रंथाने (१९००) रूढ केले.

शिक्षणपद्धतीविषयी पुरावा अधिक भक्कम आहे. १६१५ च्या ‘बुके शोहात्तो’ या योद्धा घराण्यांसाठीच्या नियमावलीचे पहिलेच कलम विद्या, शस्त्रविद्या, धनुर्विद्या व अश्वारोहण यांचा अभ्यास सांगते. तलवारबाजी ‘काता’ म्हणजे ठरीव वारांच्या जोडीने करायच्या सरावातून शिकवीत. त्यात हल्ला करण्याची व अखेर हार पत्करण्याची बाजू बहुधा ज्येष्ठाकडे असे. प्रतिस्पर्ध्याशी राखायचे अंतर व वाराची नेमकी वेळ शिष्याच्या अंगी मुरावी, म्हणून गुरू आपले शरीर पुढे करी. या शिस्तीचे मर्म इथे आहे. अठराव्या शतकात बांबूची तलवार व चिलखत आल्यावर पूर्ण जोराने वार करणे शक्य झाले. आइझू संस्थानच्या ‘निस्शिनकान’ (१८०३) या शाळेत दहाव्या वर्षापासून मुले घेत; ग्रंथाभ्यासाबरोबर तेथे पोहण्यासाठी तलावही होता.

सामुराई स्त्रिया नागिनाता हे लांब दांड्याचे शस्त्र शिकत. सक्तीची लष्करभरती (१८७३) व तलवारबंदी (१८७६) यांनंतर हा वर्ग लयाला गेला.