‘कधी?’ हा प्रश्न शेवटी विचारा

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी नोंदवायला म्हणून फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं, की पहिला प्रश्न बहुतेकदा सालाचा असतो. ‘हे नक्की कधीचं?’ समोरची व्यक्ती बोटं मोजते, अडखळते, ओशाळते आणि गोष्ट सुरू होण्याआधीच थांबते.

विलेम वाखेनार या डच मानसशास्त्रज्ञाने या प्रश्नाची ताकद स्वतःवरच अजमावून पाहिली होती. सहा वर्षं तो रोजच्या एकदोन घटना टिपून ठेवत होता: काय घडलं, कोण होतं, कुठे आणि कधी. अशा २,४०० घटना जमल्या. मग त्याने आपलीच परीक्षा घेतली. चारपैकी एक नोंद वाचायची आणि बाकीच्या तीन आठवायच्या. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ‘काय घडलं’ हा धागा सर्वांत पक्का निघाला. नुसत्या तारखेवरून मात्र जवळजवळ काहीच हाती लागत नव्हतं. आठवणी डोक्यात तारीखवार लावलेल्या नसतात. साल आपण मागाहून हिशेबाने काढतो: तेव्हा धाकटा चालायला लागला होता, जुनं घर सोडलेलं नव्हतं, म्हणजे अमुक साल असणार. तो हिशेब रेकॉर्डिंग संपल्यावर सावकाश करता येतो.

याच अभ्यासातली दुसरी एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. काही घटना वाखेनारला अजिबातच आठवत नव्हत्या. त्यांतल्या १० घटनांबद्दल त्याने तिथे हजर असलेल्या माणसांना विचारलं. त्यांनी आणखी तपशील पुरवले आणि दहाही घटना त्याला आठवल्या. म्हणजे ‘मला काही आठवत नाही’ या उत्तराचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो, की अजून योग्य खूण मिळालेली नाही. भावंडांना एकत्र बसवलं, जुना फोटो पुढे ठेवला, तर तीच व्यक्ती तासभर बोलते.

पण याच दाराने खोटी आठवणही आत येते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी १९९५ मध्ये २४ जणांना त्यांच्या बालपणीच्या चार घटना वाचायला दिल्या. तीन खऱ्या होत्या, नातेवाइकांकडून घेतलेल्या. चौथी रचलेली होती: पाचेक वर्षांचे असताना तुम्ही एका मोठ्या बाजारसंकुलात हरवलात, रडलात, मग कुणा वयस्क व्यक्तीने तुम्हाला घरच्यांकडे पोचवलं. जवळपास चौथ्या हिश्श्याच्या लोकांना ही घटना पूर्ण किंवा अर्धवट ‘आठवली’. एरवी घरच्यांच्या सांगण्यावर कोण शंका घेतं? ‘तू लहानपणी असं केलं होतंस’ हे शंभरदा ऐकलं, की ते आपल्याला दिसूही लागतं.

सांगताना गोष्ट बदलते, हे फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्येच दाखवलं होतं. उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक लोककथा त्याने इंग्लंडमधल्या लोकांना वाचायला दिली आणि काही काळाने आठवून लिहायला सांगितली. सील या सागरी प्राण्यांची शिकार तिथे साधी मासेमारी झाली, कनू या वल्ह्याच्या अरुंद होडीची बोट झाली, न उमगलेले भाग गळून गेले. ऐकणाऱ्याने कथा आपल्या ओळखीच्या जगात बसवून घेतली होती. कुटुंबात पणजोबांची गोष्ट तिसऱ्या पिढीपर्यंत येते तेव्हा तिचंही असंच होतं. पणजोबा बहुधा जास्त शूर होतात, निदान त्यांचं कर्ज तरी कमी होतं.

म्हणून एकाच प्रसंगाबद्दल काका एक सांगतात आणि आत्या दुसरं, तेव्हा दोन्ही कथनं मिटवून तिसरं ‘अधिकृत’ कथन तयार करण्याचा मोह टाळलेला बरा. दोन्ही ठेवा. कुणी सांगितलं, कोणत्या तारखेला, तेव्हा खोलीत आणखी कोण होतं, हे शेजारी लिहा. प्रसंगाची तारीख संदिग्ध राहिली तरी चालेल, सांगितल्याची तारीख मात्र चुकता कामा नये. कोणत्या वयात माणूस ती गोष्ट कशी सांगत होता, हे पुढे तिच्यावरूनच कळतं.

न बोलण्याचाही परिणाम होतो, आणि त्याच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. अलेक्झांड्रु कुक, जोनाथन कोपेल आणि विल्यम हर्स्ट यांच्या २००७ सालच्या प्रयोगांतून असं दिसलं, की बोलणारा एखाद्या विषयातला काहीच भाग सांगतो तेव्हा त्याच विषयातला गाळलेला भाग तो स्वतः तर विसरू लागतोच, ऐकणाराही विसरतो. ज्या विषयाचा उल्लेखच निघाला नाही, तो त्या मानाने शाबूत राहतो. घरात हे कसं घडत असेल याचा विचार करा. आजीच्या लग्नाची गोष्ट प्रत्येक समारंभात रंगते. पण त्यात तिची सोडावी लागलेली नोकरी कधीच येत नाही. मग लग्नाची गोष्ट जितकी रंगेल, तितकी नोकरीची आठवण मागे पडेल. प्रयोगशाळेतला निष्कर्ष पिढ्यांवर थेट लावता येत नाही, हे खरं. तरी मुलाखत घेणाऱ्याने घरात नेहमी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीच्या आजूबाजूचं विचारावं, असं मला वाटतं. ती गोष्ट सगळ्यांना पाठ असतेच.

विचारायचं कसं, याचं एक तंत्र पोलिसांच्या कामातून आलं आहे. १९८०च्या दशकात एडवर्ड गायझलमन आणि रोनाल्ड फिशर यांनी साक्षीदारांसाठी प्रश्न विचारण्याची नवी पद्धत बसवली. आधी माणसाला मनाने त्या जागी न्यायचं: उजेड कसा होता, आवाज कुठले येत होते, वास कसला. क्षुल्लक वाटेल तेही सांगू द्यायचं. मधे तोडायचं नाही. मग तोच प्रसंग शेवटापासून सुरुवातीकडे सांगायला लावायचा, म्हणजे सवयीची ठरलेली वाक्यं सुटतात. ‘तिथे असलेल्या दुसऱ्या कुणाच्या नजरेने सांगा’ हाही त्यातला एक उपाय. पण तो जपून वापरावा, कारण त्यात आठवणीची जागा अंदाज घेतो. कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल, तर साधारण १० ते ३० या वयातलं विचारा. उतारवयात लोकांना याच काळातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात, हे अनेक अभ्यासांत आढळलं आहे.

या सगळ्याचा मुलांना काय उपयोग? अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी २० प्रश्नांची एक यादी केली: आईवडील कुठे भेटले, आजीआजोबा कुठे वाढले, तुझा जन्म झाला तेव्हा काय घडलं. ज्या मुलांना जास्त उत्तरं येत होती, त्यांचा आत्मसन्मान सरासरीने जास्त होता. मात्र अभ्यास थोड्या कुटुंबांचा होता आणि उत्तरं पाठ करून घेतल्याने मूल खंबीर होतं, असा त्याचा अर्थ नाही. ज्या घरात सगळे बसून बोलतात तिथे उत्तरंही माहीत असतात, एवढंच कदाचित.

सांगणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. एके काळी म्हाताऱ्या माणसांचं जुन्यात रमणं हे बुद्धी मंदावल्याचं लक्षण मानलं जाई. मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये हे मत खोडून काढलं. मृत्यूच्या जवळ येणारा माणूस स्वाभाविकपणेच आपल्या आयुष्याचा आढावा घेतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातून कुणाला समाधान मिळतं, तर कुणी अपराधाच्या भावनेत किंवा निराशेत अडकतो, हेही त्यांनी नोंदवलं.

हा आढावा कागदावर घेतला तर? जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवाबद्दल लिहिलं. लिहून झाल्याबरोबर त्यांना आणखी वाईट वाटलं. पुढच्या महिन्यांत मात्र घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्यकेंद्रातल्या खेपा इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतरचे अनेक प्रयोग एकत्र केल्यावर हा फायदा खरा, पण लहान निघाला. त्यामुळे जखम अजून ओली असेल तर एकट्याने वही घेऊन बसण्यापेक्षा जाणत्या समुपदेशकाशी बोलणं जास्त शहाणपणाचं. हीच काळजी दुसऱ्याची मुलाखत घेतानाही घ्यावी लागते: आजोबा एखाद्या प्रसंगापाशी येऊन गप्प झाले, तर रेकॉर्डिंग थांबवायचं की चालू ठेवायचं, हे त्यांनाच विचारावं.