तळ्याकाठी वसंत आधी येतो का?

‘मोठ्या तळ्याकाठची हवा उबदार असते, म्हणून थंड प्रदेशात वसंत तिथे आधी येतो,’ असा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो पटतो, कारण अर्धा खरा आहे: शरद ऋतूत पाणी खरोखरच काठाला ऊब देते.

वसंताच्या सुरुवातीला मात्र उलटे घडते. पाणी तापायला मातीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते. शिवाय गोडे पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. हिवाळ्यात त्याहून थंड झालेला पृष्ठभाग उन्हाने ४ अंशांकडे सरकला की ते पाणी खाली बुडते आणि खालचे थंड पाणी वर येते. त्यामुळे खोल तळे कित्येक आठवडे गारच राहते. दुपारी जमीन तापली की तळ्यावरून गार वारा काठाकडे येतो, आणि तासाभरात स्वेटर पुन्हा चढवावा लागतो.

पडताळणी सोपी आहे. निरभ्र, मंद वाऱ्याच्या दिवशी काठावर आणि दहा-पंधरा किलोमीटर आत, सावलीत, एकाच वेळी दुपारचे तापमान मोजा. झाडांची पालवीही पाहा. अमेरिकेतील मिशिगन सरोवराच्या पूर्व काठावरच्या फळबागांना हा उशीर वरदानच ठरतो. बहर लांबणीवर पडतो आणि उशिराच्या हिमकडाक्यातून बऱ्याचदा वाचतो.